लॅपटॉपवर चालतं, सर्व्हरवर तिसऱ्या फोटोला मरतं: द्राक्षपानाच्या मॉडेलबद्दलच्या प्रश्नाचं उत्तर

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा आहे: तासगावकडे घरची द्राक्षबाग. पानाचा फोटो टाकला की दावण्या, भुरी, करपा यांपैकी कुठला रोग की पान निरोगी, हे सांगणारी छोटी वेबसाइट तुम्ही प्रोजेक्ट म्हणून फ्लास्कमध्ये (पायथनमध्ये वेबसाइट बनवायचं साधन) केलीय. आत पायटॉर्च या मॉडेल शिकवायच्या साधनावर शिकवलेलं रेझनेट-५० हे फोटो ओळखणारं मॉडेल आहे. लॅपटॉपवर सेकंदाच्या आत उत्तर येतं. मग १ जीबी रॅम आणि एक कोर असा भाड्याचा सर्व्हर घेतला, व्हिडिओ बघून गनिकॉर्न आणि एन्जिनएक्स बसवलं. साइट उघडते, दोन फोटो चालतात आणि तिसऱ्याला ५०२ ही एरर. परत सुरू केलं की परत दोन फोटो. कुणी म्हणतं जीपीयूवाला (मॉडेलचं गणित वेगाने करणारी चिप असलेला) सर्व्हर घ्या, कुणी म्हणतं घरचा जुना पीसीच सर्व्हर करा, आणि वडील म्हणतात आधी आहे ते तरी चालवून दाखव.

वडिलांचं बरोबर आहे. आणि ते जमेल, त्याच सर्व्हरवर.

मी चौदा वर्षं सांगलीत बसून लोकांचे सर्व्हर सांभाळते. गिऱ्हाइकं म्हणजे बेदाण्याचे अडते, दोन-तीन कोल्ड स्टोरेज, एक पतसंस्था, आणि अलीकडे कुणाकडून तरी 'एआय'चा प्रोजेक्ट करून घेऊन "आता हे चालवून द्या" म्हणत येणारी मंडळी. तुमच्यासारखी तक्रार वर्षातून आठ-दहा वेळा तरी येते. प्रत्येकाला वाटतं सर्व्हर कमी पडतोय. पडतोयच, पण कशाला कमी पडतोय हे न बघता मोठा घेतला तर दोनाऐवजी सहा फोटो चालतात आणि मग तेच ५०२. फक्त बिल वाढलेलं असतं.

आधी ५०२ म्हणजे काय ते बघू. एन्जिनएक्स दारावर उभा असतो. बाहेरून आलेली मागणी आत गनिकॉर्नकडे, म्हणजे तुमचा पायथनचा कोड चालवणाऱ्याकडे, देतो आणि उत्तराची वाट बघतो. आतून उत्तर यायला फार वेळ लागला तर तो ५०४ दाखवतो. ५०२ दाखवतो तेव्हा आतला माणूस एकतर जागेवर नव्हताच किंवा बोलता बोलता गेला. तुमची साइट उघडते, दोन फोटो चालतात, म्हणजे जागेवर होता. मग तो बोलता बोलता गेलाय. कुणी मारला, हा खरा प्रश्न.

संशयित दोनच आहेत. पहिला गनिकॉर्न स्वतः: वर्करने, म्हणजे मागण्या हाताळणाऱ्या त्याच्या प्रक्रियेने, ३० सेकंदांत हालचाल केली नाही तर तो त्याला अडकलेला समजून संपवतो. ही ३० सेकंदांची मर्यादा तुम्ही घातलेली नसली तरी ती मुळातच असते. तसं झालं असेल तर लॉगमध्ये 'वर्कर टाइमआउट' अशी ओळ सापडेल. दुसरा संशयित लिनक्सचा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा. मेमरी संपत आली की कर्नल सगळ्यात जास्त जागा अडवणारी प्रक्रिया शोधतो आणि विचारपूस न करता ठार करतो. तेव्हा गनिकॉर्नच्या लॉगमध्ये 'सिगकिल' (प्रक्रिया ठार करण्याचा हुकूम) दिसतं आणि पुढे गनिकॉर्ननेच मारलेला शेरा असतो, कदाचित मेमरी संपली असेल, असा. खात्री करायची तर डीमेसेज ही कमांड चालवा आणि 'आउट ऑफ मेमरी' शोधा. तिथे मेलेल्या प्रक्रियेचं नाव आणि तिने अडवलेली जागा स्वच्छ लिहिलेली असते. वेळ साडेपाच तास मागची दिसली तर गोंधळू नका, सर्व्हरचं घड्याळ बहुतेक वेळा युटीसी या जागतिक वेळेवर लावलेलं असतं.

तुमच्या बाबतीत मी दुसऱ्यावर पैज लावते. कारण तुम्ही दिलेल्या कोडमध्ये दोन गोष्टी दिसतायत. एक, गनिकॉर्न तीन वर्कर घेऊन सुरू केलंय. दोन, मॉडेल लोड करण्याची ओळ प्रेडिक्ट फंक्शनच्या आत आहे, म्हणजे फोटो आला की मॉडेल दर वेळी नव्याने वाचलं जातं.

तीन वर्करचा आकडा कुठून आला ते मला माहीत आहे. गनिकॉर्नच्या स्वतःच्या मार्गदर्शिकेत सुरुवातीचा आकडा म्हणून 'कोरच्या दुप्पट अधिक एक' असं सूत्र आहे, आणि प्रत्येक व्हिडिओवाला ते डोळे झाकून सांगतो. साध्या वेबसाइटला ते ठीकच आहे. तिथला वर्कर बहुतेक वेळ डेटाबेसच्या उत्तराची वाट बघत बसलेला असतो, म्हणून एका कोरवर तिघे सुखाने नांदतात. मॉडेल चालवणारा वर्कर मात्र वाट बघत नाही, तो घाम गाळतो. एका कोरवर असे तिघे बसवले तर काम तिप्पट होत नाही, तिघे एकाच बैलजोडीसाठी भांडत बसतात.

आता मेमरीचा हिशेब मांडू. आकडे ढोबळ आहेत, तुमच्या मशीनवर थोडे इकडे-तिकडे होतील. उबुंटू (सर्व्हरवरचं लिनक्स) आणि त्याची नेहमीची कामं दीड-दोनशे एमबी खातात. पायटॉर्च नुसतं इंपोर्ट केलं की एका वर्करला साधारण दोनशे एमबी जातात, अजून एकही फोटो आलेला नसताना. तीन वर्करचे सहाशे झाले. म्हणजे साइट नुसती उघडून ठेवली तरी ८०० एमबी गेले. रेझनेट-५० मध्ये सुमारे अडीच कोटी वजनं (शिकताना मॉडेलने ठरवलेले आकडे), प्रत्येक चार बाइटचं, म्हणजे शंभर एमबी. फाइलमधून वाचताना मॉडेलचा सांगाडा एकीकडे आणि फाइलमधली वजनं दुसरीकडे अशा दोन प्रती काही क्षण एकत्र असतात, म्हणजे दोनशे. वर प्रत्यक्ष फोटो मॉडेलमधून जाताना लागणारी जागा वेगळी. पहिला फोटो एका वर्करकडे गेला, त्याने मॉडेल उचललं. दुसरा दुसऱ्याकडे गेला, त्यानेही उचललं. पायथनने एकदा घेतलेली मेमरी काम झाल्यावर लगेच परत करेलच असं नाही, त्यामुळे दोघांचं पोट फुगलेलंच राहतं. तिसरा फोटो आला की १ जीबीची वेस ओलांडली जाते आणि कर्नल कुऱ्हाड घालतो. तुमचा 'दोन फोटो चालतात' हा आकडा निव्वळ योगायोगाचा नाही, ढोबळ बेरीजही तिथेच आसपास येते.

लॅपटॉपवर हे का होत नव्हतं? तिथे ८ किंवा १६ जीबी रॅम, आणि फ्लास्कचा स्वतःचा छोटा सर्व्हर, ज्यात एकच प्रक्रिया. तोच छोटा सर्व्हर इथेही चालवू का असं तुम्ही पुढे विचारलंय. नको. तो कोड लिहिताना तपासण्यासाठी आहे, आणि सुरू होताना तसा इशाराही देतो.

उपाय असा. मॉडेल लोड करणारी ओळ फंक्शनच्या बाहेर, फाइलच्या वरच्या भागात आणा, म्हणजे ते वर्कर सुरू होताना एकदाच वाचलं जाईल. वर्कर एक ठेवा आणि त्याला चार थ्रेड (एकाच प्रक्रियेत शेजारी-शेजारी चालणारे धागे) द्या. थ्रेड एकाच मॉडेलच्या प्रतीवर काम करतात, म्हणून एकाचा अंदाज चालू असताना दुसऱ्याला निदान पान तरी उघडून दिसतं. पायटॉर्चला गणितासाठी एकच थ्रेड वापरायला सांगा, कोरच एक आहे. मग २ जीबीची स्वॅप फाइल (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) करा. स्वॅप म्हणजे स्टेपनी. पंक्चर झालं तर घरापर्यंत पोचवते, पण रोज स्टेपनीवर कुणी पुण्याला जात नाही. साइट स्वॅपवरच चालायला लागली तर एका फोटोला अर्धा मिनिटही लागू शकेल.

गनिकॉर्नचा 'प्रीलोड' पर्याय लावून वर्करांमध्ये मॉडेल वाटून घ्या असंही कुणीतरी सुचवलंय. कल्पना चुकीची नाही. पण मूळ प्रक्रियेत पायटॉर्चने आधीच एखादा अंदाज काढून बघितला असेल आणि मग तिच्यातून वर्कर निघाले, तर ते वर्कर कधीकधी नुसते लटकतात. ना एरर, ना उत्तर. मी त्यात एकदा अख्खा रविवार घालवलाय. एकाच वर्करवर भागतंय तोवर त्या वाटेला जाऊ नका.

एवढं केलंत की साइट मरायची थांबेल. इथे थांबलात तरी प्रोजेक्टची तोंडी परीक्षा निभावेल. पण तुम्ही लिहिलंय की शेजारचे बागायतदारही वापरणार आहेत, म्हणून पुढचं सांगते.

तुम्ही सर्व्हरवर जे चढवलंय ते अख्खं शिकवण्याचं सामान आहे. गूळ करायला गुऱ्हाळ लागतं: चरक, काहील, चुलाण, आठ माणसं. गूळ विकायला मार्केट यार्डात एक गाळा आणि तराजू पुरतो. गाळ्यात काहील मांडायचं काम नाही. तुमच्या रिक्वायरमेंट्सच्या यादीत जुपिटर आहे, मॅटप्लॉटलिब आहे, आणि पायटॉर्च तर जीपीयूच्या लायब्ऱ्यांसकट आहे, कारण लिनक्सवर साध्या पिपने (पायथनची पॅकेजं बसवायची कमांड) तीच आवृत्ती येते आणि काही जीबी डिस्क खाते. जीपीयू नसलेल्या मशीनवर! पायटॉर्चची फक्त सीपीयूसाठीची आवृत्ती वेगळ्या पत्त्यावरून मिळते, ती घ्या. त्याहून बरं, लॅपटॉपवरच मॉडेल ओएनएनएक्स या प्रकारात काढा आणि सर्व्हरवर पायटॉर्च ठेवूच नका, नुसतं ओएनएनएक्स रनटाइम ठेवा. मॉडेल शिकवणं आणि वापरणं ही दोन कामं वेगवेगळ्या साधनांत करता यावीत म्हणूनच २०१७ मध्ये फेसबुक आणि मायक्रोसॉफ्टने हा प्रकार पुढे आणला. पायटॉर्च गेलं की वर्करचं वजन किती उतरतं ते तुम्हीच मोजून बघा.

आणि रेझनेट-५० खरंच हवंय का? चार प्रकारची पानं ओळखायला अडीच कोटी वजनं? मोबाइलनेट-व्ही२ या छोट्या मॉडेलमध्ये ३५ लाखच्या आसपास असतात, फाइल साधारण १४ एमबीची. तुमच्याच फोटोंवर दोन्ही शिकवा आणि अचूकतेत किती फरक पडतो ते बघा. फरक मोठा असेल तर रेझनेट ठेवा, माझं काही म्हणणं नाही. हे तुमच्या फोटोंवर अवलंबून आहे, इथे बसून मी ठरवू शकत नाही.

तुम्ही मधेच आणखी एक एरर टाकलीय, ओपनसीव्ही (फोटो हाताळायची लायब्ररी) इंपोर्ट होताना 'लिबजीएल' नावाची फाइल सापडत नाही अशी. ती वेगळी आणि सोपी आहे. साधं ओपनसीव्ही स्क्रीनवर खिडकी उघडण्याच्या तयारीने येतं आणि सर्व्हरला स्क्रीनच नसते. त्याचं 'हेडलेस' नावाचं पॅकेज घाला.

ओपनसीव्हीचं नाव निघालंच आहे तर जी चूक साइट न मारता गुपचूप घात करते, ती सांगते. दोन वर्षांपूर्वी एका बेदाणा व्यापाऱ्यासाठी फोटोवरून माल वेगळा करणारं मॉडेल मी सर्व्हरवर चढवलं. मॉडेल दुसऱ्याने शिकवलेलं, माझं काम फक्त बसवण्याचं. त्याच्या लॅपटॉपवर हिरवा, पिवळा, काळा असा निवाडा शंभरात नव्वदच्या वर बरोबर यायचा. सर्व्हरवर चढवल्यावर एरर काही नाही, वेगही छान, पण उत्तम पिवळ्या बेदाण्यालाही ते काळा म्हणायला लागलं. शेठ गोदामात माझ्यासमोर मूठभर बेदाणा तळहातावर धरून म्हणाले, "मॅडम, हा काळा हाय व्हय?" मला उत्तर सुचेना. दीड दिवसाने सापडलं. शिकवताना फोटो पिलो या दुसऱ्या लायब्ररीने वाचले होते, ती लाल-हिरवा-निळा या क्रमाने रंग देते. सर्व्हरच्या कोडमध्ये मी ओपनसीव्हीने वाचले होते, ती निळा-हिरवा-लाल असा उलटा क्रम देते. लाल आणि निळा यांची अदलाबदल झाली की पिवळा बेदाणा मॉडेलला निळसर दिसतो. बिचाऱ्याने असा बेदाणा जन्मात बघितला नव्हता, त्याने त्यातल्या त्यात जवळचं उत्तर दिलं.

तुमच्या बाबतीत हे जास्तच नाजूक आहे, कारण दावण्याचा पिवळसर तेलकट डाग आणि भुरीची राखाडी पावडर यांतला फरक मुळात रंगाचाच आहे. म्हणून फोटो वाचणं, लहान करणं, अंकांत बदलणं हा सगळा भाग एकाच फाइलमध्ये लिहा आणि शिकवताना व सर्व्हरवर तीच फाइल वापरा, नक्कल करून नाही. मोबाइलचा फोटो आणखी एक खोडी करतो: उभा काढलेला फोटो फाइलमध्ये आडवाच ठेवतो आणि 'फिरवून दाखवा' अशी नोंद सोबत जोडतो. गॅलरी ती नोंद वाचते, तुमचा कोड आपणहून वाचत नाही. पिलोमध्ये त्यासाठी तयार फंक्शन आहे, फोटो उघडल्या उघडल्या ते चालवा. आणि पायटॉर्च ठेवणार असाल तर मॉडेल लोड केल्यावर 'इव्हॅल' करायला (शिकण्याऐवजी वापरायच्या अवस्थेत न्यायला) विसरू नका, नाहीतर उत्तरं बिघडतील. वीस फोटो बाजूला काढा, त्यांची लॅपटॉपवरची उत्तरं आकड्यांसकट लिहून ठेवा, आणि सर्व्हरवर काहीही बदललं की तेच वीस फोटो पाठवून आकडे जुळतात का बघा. त्या शेठच्या प्रसंगानंतर मी हे केल्याशिवाय कुणालाही लिंक देत नाही.

आता फोटो वर पोचण्याबद्दल. आजच्या मोबाइलचा फोटो तीन-चार एमबीचा असतो. एन्जिनएक्स मुळात १ एमबीपेक्षा मोठी मागणी घेतच नाही, ४१३ दाखवून परत पाठवतो. तुम्हाला अजून ही एरर आली नाही म्हणजे बहुधा तुम्ही व्हॉट्सअॅपवरून आलेले, आधीच दबलेले फोटो टाकून बघताय. ती मर्यादा १० एमबी करा. पण खरा उपाय दुसरीकडे आहे. तुमचं मॉडेल फोटो २२४ बाय २२४ एवढा करून मगच बघतं. मग चार एमबी वर पाठवायचे कशाला? पानाच्या जावास्क्रिप्टमध्येच फोटो आठशे पिक्सेलपर्यंत लहान करा, तो शंभर-दोनशे केबीत बसतो. तुम्ही बागेत उभं राहून मोबाइलला किती कांड्या येतात ते बघितलंच असेल. सर्व्हर मुंबईत की सिंगापुरात यावर तुम्ही बरीच चर्चा केलीय, पण तो फरक सेकंदाच्या काही शतांशांचा. बागेतून चार एमबी वर चढायला लागणारा वेळ त्याच्या कित्येक पट आहे.

किती लोक वापरतील, या प्रश्नाचं तुमचं उत्तर 'रोज साधारण पन्नास फोटो' असं आहे. रोजची सरासरी इथे फसवते. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर कुणी फार बघणार नाही. ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर फूट निघाली, घड दिसायला लागले आणि नेमका अवकाळी पाऊस झाला, की दुसऱ्या दिवशी सकाळी सहा ते नऊ या वेळात अख्खा गाव पानं उलटी करून बघत असतो. तुमचे पन्नास फोटो त्या तीन तासांतच येतील, कदाचित पाचशे येतील. एका फोटोला अर्धा सेकंद धरला तर पाचशे फोटोंना चार-सव्वाचार मिनिटांचं काम. तीन तासांत ते एक वर्करही सहज उरकेल, फक्त एकाच क्षणी तीस जण आले तर शेवटच्याला पंधरा सेकंद थांबावं लागेल. बागायतदार पंधरा सेकंद थांबतो, पण पानावर 'तपासतोय' असं काही दिसलं पाहिजे. नाहीतर तो बटण पाच वेळा दाबतो आणि तुमचे तीस फोटो दीडशे होतात. एकदा दाबलं की बटण बंद करा. ही एक ओळ तुम्हाला दुप्पट रॅमपेक्षा जास्त फायदा देईल.

याच कारणाने जीपीयूची गरज नाही. एका वेळी एक फोटो तपासायला साधा कोर पुरतो, आणि जीपीयूचं भाडं फोटो येवो न येवो तासावर चढत राहतं. शिकवायला हवा असेल तर गूगल कोलॅबवर शिकवा आणि तयार फाइल उचलून आणा.

खरं सांगायचं तर तुमच्या जागी मी असते तर आणखी एक गोष्ट करून बघितली असती: मॉडेल फोनमध्येच बसवणं. मोबाइलनेट हे नावाप्रमाणे त्यासाठीच केलेलं आहे, १४ एमबी फोनला जड नाहीत, आणि बागेत रेंज नसली तरी उत्तर मिळतं. तोटा एवढाच की मॉडेल सुधारलं की ते प्रत्येकाच्या फोनमध्ये पोचवावं लागतं, आणि चुकलेले फोटो तुमच्याकडे आपोआप जमा होत नाहीत. पुढच्या हंगामात मॉडेल सुधारायचं असेल तर ते चुकलेले फोटोच सोन्यासारखे असतात. म्हणून पहिलं वर्ष सर्व्हरवर चालवा, फोटो जमवा (वर करण्याआधी परवानगी मागणारी एक ओळ घाला), आणि दुसऱ्या वर्षी फोनकडे वळा, असं माझं मत.

घरचा पीसी सर्व्हर करण्याबद्दल. तांत्रिक अडचण ही की घरच्या इंटरनेटला बहुतेक ठिकाणी स्वतःचा जाहीर पत्ता मिळत नाही, शेकडो घरं एकाच पत्त्यामागे असतात, त्यामुळे बाहेरून तुमच्या पीसीपर्यंत सरळ पोचता येत नाही. त्यावर बोगदा काढायच्या युक्त्या आहेत. वीज गेली की मात्र युक्ती चालत नाही. मला याची धास्ती २०१९ पासून बसलीय. त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली, धोक्याची पातळी ४५ असताना. माझ्या एका गिऱ्हाइकाचं ऑफिस मारुती चौकाच्या बाजूला तळमजल्यावर होतं, सर्व्हर तिथेच टेबलाखाली. पाणी वाढतंय म्हटल्यावर त्यांनी मशीन उचलून माळ्यावर नेलं, ते वाचलं. बॅकअपची डिस्क मात्र कपाटाच्या सगळ्यात खालच्या ड्रॉवरमध्ये राहिली. ती तिथे ठेवा असं मीच सांगितलं होतं, चोरीची भीती म्हणून. पुढे कितीतरी दिवस वीज नव्हती, त्यामुळे वाचलेलं मशीन सुरू करून बघायचीही सोय नव्हती, आणि आत काय शिल्लक आहे ते कळेपर्यंत त्यांना आणि मला झोप नव्हती. तेव्हापासून जे लोकांना वापरायला द्यायचं ते सांगलीबाहेरच्या डेटा सेंटरमध्ये, आणि त्याची प्रत तिसऱ्या ठिकाणी. तुमचा पीसी फोटोंची प्रत ठेवायला वापरा, त्याला तो उत्तम आहे.

सुरक्षेचं थोडक्यात. नव्या सर्व्हरला जाहीर पत्ता मिळाला की थोड्याच वेळात जगभरातून 'रूट' या मुख्य वापरकर्त्याच्या नावाने पासवर्ड टाकून बघणारे यंत्रमानव दार ठोठवायला लागतात, लॉगमध्ये बघा, करमणूक होईल. पासवर्डऐवजी किल्लीने आत जायची सोय करा, मग पासवर्ड आणि रूटचा प्रवेश बंद करा, याच क्रमाने. फायरवॉल चालू करण्याआधी एसएसएचला, म्हणजे दुरून सर्व्हरवर शिरायच्या दाराला, वाट ठेवा. मी एकदा रात्री अकराला ती न ठेवता फायरवॉल चालू केली आणि स्वतःलाच बाहेर कोंडून घेतलं. शेवटी कंपनीच्या वेबसाइटवरच्या कन्सोलमधून मागच्या दाराने शिरावं लागलं. गनिकॉर्न फक्त आतल्या पत्त्यावर ऐकू दे, बाहेरच्या नाही, दारात एन्जिनएक्स आहेच. डॉकर (प्रोग्राम स्वतंत्र डब्यात चालवायचं साधन) वापरायचं ठरवलंत तर एवढं लक्षात ठेवा की डॉकरने बाहेर उघडलेलं पोर्ट उबुंटूची यूएफडब्ल्यू फायरवॉल ओलांडून जातं. पण एका माणसाच्या एका साइटला डॉकर नसलं तरी चालतं. स्वतंत्र व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करा, पॅकेजांच्या आवृत्त्या नेमक्या लिहून ठेवा आणि सिस्टमडीची सेवा लावा, पुरे.

सिस्टमडीने मेलेली साइट आपोआप परत उभी राहते, तुम्हाला पहाटे उठावं लागत नाही. मात्र ती आधी लावू नका, मेमरीचा प्रश्न सुटल्यावर लावा. नाहीतर साइट दर तिसऱ्या फोटोला मरेल, परत उठेल, आणि दुखणं झाकलेलंच राहील.

पानातच कॅमेरा उघडायचं बटण चालत नाही असं तुम्ही म्हणताय. ते कोडमुळे नाही. एचटीटीपीएस नसलेल्या साइटला ब्राउझर थेट कॅमेरा देत नाही. एखादं डोमेन घ्या आणि लेट्स एन्क्रिप्टचं फुकट प्रमाणपत्र लावा. त्याची मुदत जेमतेम ९० दिवसांची असते, म्हणून सर्टबॉटला ते आपोआप नवं करायला लावा आणि दोन महिने उलटले की खरंच नवं झालंय का बघा. ऐन नोव्हेंबरात प्रमाणपत्र संपून लाल पान दिसलं तर बागायतदार परत येत नाही.

तर आज रात्री फक्त एवढं करा: मॉडेलची ओळ बाहेर काढा, वर्कर एक करा, आणि मित्राला सांगून दोन फोनवरून एकाच वेळी दहा फोटो पाठवा. दहाही फोटोंना उत्तर आलं तर माझी पैज खरी. मधेच मेलं तर डीमेसेजच्या शेवटच्या वीस ओळी आणि 'फ्री' या मेमरी दाखवणाऱ्या कमांडचा निकाल इथे टाका. स्क्रीनचा मोबाइलने काढलेला फोटो नको, मजकूर कॉपी करून टाका. आणि तुम्ही जी कॉन्फिगची फाइल प्रश्नात चिकटवलीय, तिच्यात सातव्या ओळीवर डेटाबेसचा पासवर्ड जसाच्या तसा दिसतोय. तो आत्ता बदला, बाकी सगळं उद्या केलंत तरी चालेल.